समोर बसलेला माणूस, तैलरंगात: लाइफ क्लासमध्ये व्यक्तिचित्र कसं शिकावं

फोटोवरून कितीही पोर्ट्रेट केलेली असोत, समोर जिवंत माणूस येऊन बसला की हात अडतो. फोटोतला माणूस थकत नाही, त्याचे खांदे उतरत नाहीत, खिडकीतला उजेड सरकत नाही. क्लासमध्ये हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि तुमच्या हातात ओला रंग असतो. त्यामुळे मॉडेलवरून तैलरंगात काम शिकायचं म्हणजे आधी लवकर ठरवायला शिकायचं: उजेड कोणता घ्यायचा, बैठक कोणती धरायची, सावली कुठे संपवायची. एकदा ठरलं की पुढचे दोन-तीन तास मॉडेल हललं, ऊन आलं, ढग आले, तरी त्या निर्णयाला धरून राहायचं. रंग मिसळणं आणि ब्रश चालवणं त्यानंतर येतं, आणि माझ्या मते ते तुलनेनं लवकर जमतं.

आपल्याकडे हे शिकण्याची वाट जुनी आहे. मुंबईचं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. चित्रकार सावळाराम हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःचा कलावर्ग काढला. कोल्हापूर, पुणे, मुंबई इथल्या चित्रकारांनी लोकांसमोर बसून व्यक्तिचित्राचं प्रात्यक्षिक देण्याची पद्धत आजही जिवंत ठेवली आहे. क्लासला जाण्याआधी किंवा क्लास चालू असताना मूळ तैलचित्रं प्रत्यक्ष बघाच. साताऱ्याजवळ औंधला श्रीभवानी संग्रहालय आहे. पणजीला फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. छापील चित्रात किंवा मोबाइलवर रंगाचा थर दिसत नाही. भिंतीपाशी उभं राहिलं की सावली किती पातळ लावलीय आणि कपाळावरचा उजेड किती जाड, ते कळतं. या एका पाहण्यानं महिनाभराचं शिक्षण होतं.

क्लास निवडताना

जाहिरातीत ‘ऑइल पोर्ट्रेट’ लिहिलेलं असलं तरी बऱ्याच ठिकाणी प्रिंटवरून काम करून घेतात. तेव्हा पहिला प्रश्न थेट विचारा: आठवड्याला मॉडेल किती तास बसतं? दुसरा: एका मॉडेलभोवती किती विद्यार्थी? दहा-बारापर्यंत ठीक, त्यापुढे मागच्या रांगेतल्याला मॉडेलचा कान आणि पुढच्याची पाठ एवढंच दिसतं. तिसरा: सर किंवा मॅडम विद्यार्थ्याच्या कॅनव्हासवर स्वतः ब्रश चालवतात का? थोडं करून दाखवणं चांगलंच. पण दर वेळी चेहरा शिक्षकच पूर्ण करत असतील तर घरी सुंदर चित्र येतं आणि हात तिथेच राहतो. चौथा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: मॉडेलला मानधन वेळेवर आणि नीट मिळतं का? जिथे त्याबद्दल उडवाउडवी होते, तिथे बाकीचंही सैलच असतं.

रोजच्या रेखाटनाची सवय नसेल तर तैलरंगाच्या वर्गाआधी दोन-तीन महिने कोळशानं हेड स्टडी (नुसत्या डोक्याचा अभ्यास) करा. चारकोल पुसता येतो आणि छायाप्रकाश मोठ्या पट्ट्यांत बघायला लावतो. तैलरंगातही नेमकं तेच करायचं असतं.

सामान

सुरुवातीला रंग सातच ठेवा: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन ब्लू. हिरवा लागला तर ऑकर आणि अल्ट्रामरीनमधून काढा. पांढऱ्याची ट्यूब मात्र मोठी घ्या, ती आधी संपते. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न पांढरा, ऑकर, व्हर्मिलियन आणि काळा एवढ्या चारच रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो. एखादा महिना हा प्रयोग जरूर करा. तांबड्या-पिवळ्या रंगांशेजारी ठेवलेला काळ्या-पांढऱ्याचा करडा निळा भासतो, आणि काळ्यात ऑकर घातला की शेवाळी हिरवा मिळतो. रंग शेजाऱ्यावर अवलंबून असतो हे यातून डोळ्यांना पटतं.

ब्रश डुकराच्या केसांचे, चपटे किंवा फिलबर्ट (गोलसर टोकाचे चपटे). चार, सहा, आठ आणि एक बारा नंबर. शेवटच्या कामाला एखादा मऊ ब्रश पुरतो. बारीक ब्रशांचा संच सुरुवातीला घेऊच नका. हातात बारीक ब्रश आला की माणूस पापण्या काढत बसतो.

कॅनव्हास १६ बाय २० इंच घ्या, म्हणजे डोकं आणि खांदे प्रत्यक्षापेक्षा किंचित लहान बसतात. चेहरा प्रत्यक्षाहून मोठा झाला की तो भिंतीवरच्या बॅनरसारखा दिसू लागतो. सरावासाठी कॅनव्हास पॅड किंवा प्रायमर लावलेला जाड पुठ्ठा चालतो. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. आदल्या दिवशी बर्न्ट अंबरमध्ये भरपूर टर्पेंटाइन घालून चिंधीनं पातळ पुसून घ्या. मधला टोन (म्हणजे गडद-फिकटपणा) आधीच असला की उजेड आणि सावली दोन्ही लगेच दिसतात. पांढऱ्यावर प्रत्येक रंग काळपट वाटतो आणि आपण नकळत सगळं फिकट करत जातो.

तेल म्हणून जवसाचं तेल, पातळ करायला चित्रकारांसाठीचं शुद्ध टर्पेंटाइन. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन ब्रश धुवायला ठेवा. खोलीत हवा खेळती असू द्या आणि डबीला झाकण ठेवा. कापडी चिंध्या भरपूर लागतात. जुनी सुती साडी किंवा धोतर यासारखं दुसरं काही नाही.

उजेड आणि जागा

वर्गात लवकर पोहोचा. जागा ही निम्मी लढाई असते. मॉडेलच्या चेहऱ्याचा साधारण एक तृतीयांश भाग सावलीत दिसेल अशी बाजू शोधा. समोरून सपाट उजेड पडलेला चेहरा अनुभवी माणसालाही अवघड जातो, कारण आकार उभा करायला सावलीच नसते.

उत्तरेची खिडकी चांगली मानतात, तिथून थेट ऊन येत नाही म्हणून. आपल्याकडे याला एक पुरवणी आहे. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही किंचित उत्तरेला असतो. शिवाय उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. अशा वेळी खिडकीला पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावायला सांगा.

खिडकीचा उजेड घेतला असेल तर छतावरच्या ट्यूबलाइट बंद करायला लावा. दोन उजेड आले की नाकाला दोन सावल्या पडतात आणि सावलीतला रंग कुठला समजायचा तेच कळत नाही. वर्गातल्या सगळ्यांना विचारून, पण हे आग्रहानं करा. कॅनव्हासवर आणि पॅलेटवर एकाच उजेडाचा प्रकाश असावा. पॅलेट अंधारात आणि कॅनव्हास उजेडात असला तर मिसळलेला रंग लावताक्षणी फसवतो.

इझल अशी लावा की मान न वळवता, फक्त नजर हलवून मॉडेल आणि कॅनव्हास दोन्ही दिसतील. मॉडेलपासून सहा-सात फूट अंतर हेड स्टडीला बरं. मागे दोन पावलं जायला जागा ठेवा आणि ती खरोखर वापरा. बसूनच काम करायचं असेल तर मधूनमधून उठून मागे जा.

पहिली वीस मिनिटं

पोझ लागली की सगळे तुटून पडतात. इथे थांबा. मॉडेल नव्यानं बसतं तेव्हा पाठ ताठ असते, हनुवटी वर असते, चेहऱ्यावर थोडा अवघडलेपणा असतो. चार-पाच मिनिटांत खांदे खाली येतात, मान थोडी पुढे येते, ओठ सैल पडतात. फेटा बांधून बसलेल्या आजोबांच्या बाबतीत हा फरक इंच-दीड इंचाचाही असतो, आणि फेट्याचा शेमला खुर्चीच्या पाठीच्या तुलनेत कुठे येतो ते पाहिलं की तो मोजता येतो. पुढचे दोन तास तुम्हाला हीच उतरलेली बैठक दिसणार आहे. म्हणून पहिली पाच मिनिटं फक्त बघा आणि वहीत अंगठ्याएवढी दोन स्केचं करा: डोकं कागदात कुठे बसतं, गडद भाग कुठे जमतो. सैलावलेली पोझ हीच खरी पोझ.

मग पातळ बर्न्ट अंबर आणि सहा नंबरचा ब्रश घ्या. डोक्याचं वरचं टोक, हनुवटीचा तळ, खांद्यांच्या कडा एवढ्या चार खुणा आधी. त्यांच्यात सगळं बसवायचं. डोकं पानाच्या मध्यापेक्षा जरा वर आणि मॉडेल बघतं त्या बाजूला थोडी जास्त मोकळी जागा.

आता ओळंबा वापरा, गवंडी वापरतो तोच. दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. दोरा एका डोळ्यासमोर धरून बघा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडी येते की ओठाचा कोपरा? कानाच्या पाळीखाली खांद्याचा कोणता भाग येतो? ही उभी नाती पक्की झाली की चेहरा ‘सारखा’ येतो. साम्य डोळ्यांच्या बारकाव्यात नसतं, ते या अंतरांत असतं. ओळखीचा माणूस रस्त्याच्या पलीकडून, चेहरा दिसण्याआधीच ओळखू येतो, तो यामुळेच.

पुस्तकी प्रमाणं तपासणीपुरती लक्षात ठेवा: सरळ बघणाऱ्या डोक्यात डोळे टाळू आणि हनुवटी यांच्या मधोमध येतात, कान साधारण भुवई ते नाकाच्या तळाएवढा असतो. नवशिके जवळजवळ सगळेच डोळे फार वर काढतात आणि कपाळ आखूड होतं. पण समोरच्या माणसाचं कपाळ खरंच आखूड असेल तर त्याचंच ऐका, पुस्तकाचं नाही.

सावलीचा एकच तुकडा

आता डोळे बारीक करून बघा. पापण्या इतक्या मिटा की तपशील पुसले जातील. डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, वरचा ओठ, हनुवटीखालची सावली आणि मान या वेगवेगळ्या वस्तू न राहता एकमेकांत मिसळलेला एकच गडद आकार दिसेल. तो आकार एकाच पातळ रंगानं भरा: अंबर, थोडं क्रिमसन, थोडं अल्ट्रामरीन, टर्पेंटाइनमध्ये. आत काहीही काढू नका, डोळासुद्धा नाही. केस गडद असतील तर त्यांनाही यातच मिसळू द्या.

या टप्प्यावर मागे जाऊन बघा. नुसत्या दोन टोनमध्ये माणूस ओळखू येत असेल तर पाया झाला. येत नसेल तर पुढे जाऊच नका. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसा आणि आकार दुरुस्त करा. आत्ता पुसायला दोन मिनिटं लागतात, जाड रंग चढल्यावर अख्खी बैठक जाते. खिशात छोटा आरसा ठेवा आणि पाठमोरं उभं राहून चित्र आणि मॉडेल दोन्ही आरशात बघा. डोक्याचा कल चुकला असेल तर उलट प्रतिमेत लगेच टोचतो.

सावली कुठे संपते ही रेषा आत्ता ठरवलीत ती शेवटपर्यंत तीच. तासाभरानं उजेड सरकेल आणि गालावर नवी सावली पसरेल. ती घ्यायची नाही. दोन वेळांचा उजेड एका चेहऱ्यावर आला की चेहरा सुजल्यासारखा दिसतो.

त्वचेचा रंग

इथे परदेशी व्हिडिओ आपल्याला फार उपयोगी पडत नाहीत. त्यांतली गुलाबी मिश्रणं आपल्या मॉडेलवर खडूसारखी बसतात. ‘फ्लेश टिंट’ नावाची तयार ट्यूब तर घेऊच नका.

गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेच्या मधल्या टोनसाठी यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना समान घ्या, त्यात व्हर्मिलियनचा कण आणि अगदी थोडा पांढरा. हा ढीग पॅलेटच्या मध्यावर मोठा ठेवा. उजेडाकडे जाताना लगेच पांढऱ्याकडे हात नेऊ नका. आधी ऑकर आणि व्हर्मिलियन वाढवा, मग पांढरा. पांढरा रंगाला फिकट करतो तसा थंडही करतो, म्हणून नुसता पांढरा घातला की गाल राखाडी पडतो. सावलीकडे जाताना काळा नको: अंबर, क्रिमसन, अल्ट्रामरीन. ढीग तीन तयार ठेवा (उजेड, मधला, सावली) आणि बाकी छटा त्यांच्या सीमेवर मिसळा.

सावळ्या आणि काळ्यासावळ्या चेहऱ्यावरचा हायलाइट नीट बघा. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालफडावर चमक असते, ती खिडकीतल्या आकाशाचं प्रतिबिंब असते. म्हणून ती निळसर-थंड असते, त्वचेच्या रंगाची फिकट छटा नसते. पांढऱ्यात अल्ट्रामरीनचा कण आणि मधल्या ढिगातला थोडासा रंग घालून, एकदाच ठेवून द्या आणि ब्रश उचला. घोळवलं तर चमक मरते. अशा चेहऱ्यात मधला टोन आणि चमक यांतलं अंतर गोऱ्या चेहऱ्यापेक्षा बरंच जास्त असतं. मला तर असे चेहरे रंगवायला नेहमीच जास्त आवडतात, कारण त्यात तांबूस, जांभळट, हिरवट सगळं शेजारीशेजारी सापडतं.

चेहऱ्याचे ढोबळ तीन पट्टे लक्षात ठेवा: कपाळ पिवळसर, गाल-नाक-कान तांबूस, आणि हनुवटीकडचा भाग करडा. पुरुषांच्या दाढीच्या जागी तो हिरवट-निळसर होतो, ऑकर-अल्ट्रामरीनचा करडा तिथे चपखल बसतो. कानातून उजेड आरपार येत असेल तर तिथला लाल बिनधास्त लावा.

एक तपासणी: मिसळलेला रंग पॅलेटवरच्या सुरीच्या टोकावर घेऊन हात लांब करा आणि मॉडेलच्या गालाशेजारी धरून एक डोळा मिटून बघा. गडद आहे की फिकट, हे आधी. गरम की थंड, हे नंतर. टोन बरोबर असेल तर रंग थोडा इकडेतिकडे झालेला चालून जातो. उलट चालत नाही.

चेहरा उभा करताना

सावली पातळ आणि पारदर्शक ठेवा, उजेड जाड लावा. मोठ्या ब्रशनं गालाचा, कपाळाचा, नाकाच्या बाजूचा एकेक पृष्ठभाग ठोकळ्यासारखा बसवत चला. हे पृष्ठभाग लगेच घोळवून गुळगुळीत करू नका. मागून बघितलं की ते आपोआप एकमेकांत जातात.

डोळा हा पांढऱ्या बदामात काळी बुबुळं असा नसतो. तो खोबणीत बसलेला गोळा आहे आणि वरची पापणी त्यावर सावली टाकते, म्हणून डोळ्याचा ‘पांढरा’ बहुतेक वेळा गालापेक्षा गडद असतो. तोंडात वरचा ओठ सावलीत, खालचा उजेडात. ओठांची बाह्यरेषा न काढता दोन ओठांमधली सावली आणि खालच्या ओठाखालची सावली एवढं लावलं की तोंड बसतं. कुंकू, नथ, चष्म्याची काडी हे सगळ्यांत शेवटी, एकेका फटक्यात.

कडांकडे या वेळी लक्ष द्या. केस पार्श्वभूमीत जिथे विरतात तिथे ओल्या रंगात ओला रंग मिसळून कड हरवू द्या. उजेडातल्या गालाची कड ठळक ठेवा. पार्श्वभूमी चेहऱ्याबरोबरच रंगवा, शेवटी भरू नका. तिच्याशिवाय गालाचा टोन किती ते ठरतच नाही.

पुढच्या बैठका

एका बैठकीत पूर्ण केलं तर उत्तम, सुरुवातीचं वर्षभर मी तेच सुचवेन. तीन-चार बैठकांचं काम असेल तर पहिल्या थरात टर्पेंटाइन जास्त, पुढच्या थरांत तेल वाढवत जायचं. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर आकसतो आणि चित्राला भेगा जातात. दुसऱ्या आठवड्यात गडद भाग मलूल, पांढुरका दिसेल, त्याला ‘रंग बसला’ म्हणतात. रंग हाताला कोरडा लागत असेल तर चिंधीनं जवसाचं तेल अगदी पातळ चोळा आणि जास्तीचं पुसून घ्या. मूळ टोन परत दिसतो आणि मगच त्याच्याशी नवा रंग जुळवता येतो. मागच्या बैठकीला जाड लागलेला आणि चुकलेला भाग त्याच दिवशी घरी जाण्याआधी सुरीनं खरवडून टाका.

मॉडेलशी वागणं

वीस-पंचवीस मिनिटं बैठक आणि पाच मिनिटं विश्रांती, हा नियम घड्याळ लावून पाळा. विश्रांतीआधी पावलांभोवती खडूनं खूण करा, हात कुठे टेकला आहे ते ठिकाण चिकटपट्टीनं दाखवा, आणि नजर कुठे होती ती भिंतीवरची जागा मॉडेललाच विचारून ठेवा. मॉडेलला काका, मावशी, ताई अशी हाक मारा, नाव माहीत करून घ्या, पाणी विचारा. पोझ बदलायची असेल तर सांगा, हात धरून कधीही फिरवू नका. फोटो काढायचा तर परवानगी घेऊन, आणि तो कुठे जाणार आहे हे सांगून.

विवस्त्र मॉडेलवरून अभ्यास आपल्याकडे नवा नाही. प्राचार्य कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, १९२० च्या आसपास, जे. जे.मध्ये त्याचे वर्ग रुजले. अशा वर्गात मोबाइल बाहेर राहतो, कपडे बदलायला आडोसा असतो, मधे दार उघडलं जात नाही, आणि विश्रांतीत मॉडेल अंगावर कपडा घेऊन बसतं तेव्हा कुणी जवळ जाऊन न्याहाळत नाही. समोरची बाई किंवा पुरुष तासन्‌तास अवघडून बसतो म्हणून आपल्याला शिकता येतं. हे काम आहे, कौशल्याचं आणि कष्टाचं, आणि त्याला तोच मान मिळायला हवा. एखाद्या वर्गात यातलं काही पाळलं जात नसेल तर बोला, आणि ऐकलं गेलं नाही तर तो वर्ग सोडा.

घरी आल्यावर

ब्रश आधी चिंधीनं पुसा, मग टर्पेंटाइनमध्ये, मग साबणाच्या वडीवर घासून तळहातावर गोल फिरवून धुवा आणि टोक बोटांनी जुळवून आडवे वाळवा. वापरलेलं टर्पेंटाइन बाटलीत ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. ते मोरीत ओतू नका. तेलाच्या चिंध्या गोळा करून कधीही कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि दाबून ठेवलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यानं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घाला.

पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो. मागच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी हलक्या हातानं ठोकल्या की पुन्हा ताणला जातो. ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नका, मागच्या बाजूला बुरशी धरते. कोकणात आणि गोव्यात याचा फारच त्रास होतो, तिथे भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये बोटभर हवा राहू द्या. वॉर्निशची घाई नको. पातळ थराला सहा महिने, जाड रंगाला वर्षभर द्या, आणि तोपर्यंत ताजं चित्र अंधाऱ्या कपाटात न ठेवता उजेडात ठेवा, कारण अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.